साडेतीन तोळ्यांचा मालक

सोलापुरी माणसाला बरं नसलं की ते आधी गल्लीला कळतं, मग डॉक्टरला. आमच्या आईचा गुडघा ठणकायला लागला की दुपारपर्यंत अक्कलकोटच्या मावशीचा फोन येतो, "तेल लावून शेकलं का?" मला दोन शिंका आल्या तरी मी पलंगावर आडवा होऊन आल्याच्या चहाची वाट बघतो. अशा आजार साजरे करणाऱ्या घरात नेमका असा जीव येऊन पडला, जो मरायला टेकला तरी चकार शब्द काढत नाही.

लेक शिकायला पुण्याला गेली आणि जाताना आपला बजरीगर, म्हणजे मुठीएवढा छोटा पोपट, आमच्या गळ्यात बांधून गेली. दुकानदार त्याला सर्रास 'लव्हबर्ड' म्हणून विकतात. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, हा ऑस्ट्रेलियाचा. जॉन गूल्ड नावाच्या साहेबानं १८४० साली याच्या पूर्वजांना पहिल्यांदा जिवंत इंग्लंडला नेलं, तेव्हापासून हे लोक जगभर माणसं पाळतायत. आमच्याकडच्याचं नाव मालक. सोलापुरात रिक्षावाला गिऱ्हाइकाला मालक म्हणतो आणि गिऱ्हाईक रिक्षावाल्याला, त्यामुळे लेकीनं ठेवलेल्या या नावाचं कुणाला काही वाटलं नाही. ते शब्दशः घ्यायचं असतं, हे हळूहळू लक्षात आलं.

थव्यातला जो पक्षी आजारी दिसतो, त्याच्यावर ससाण्याची नजर आधी जाते. म्हणून हे दुखणं लपवतात. पिसं फुगवून दिवसाढवळ्या कोपऱ्यात बसलेला दिसला, तर समजावं की प्रकरण आधीच हाताबाहेर चाललंय. मग कळायचं कसं? विष्ठेवरून. त्यामुळे मी वर्तमानपत्र दोनदा वाचतो. आज बातम्यांसाठी, आणि उद्या तेच पिंजऱ्याच्या ट्रेमधून काढून. हिरवट काळं वेटोळं, त्यावर पांढरा ठिपका, बाजूला थोडं पाणी, म्हणजे प्रकृती ठणठणीत. एकदा सगळं केशरी दिसलं आणि माझ्या पोटात गोळा आला. आदल्या दिवशी त्यानं गाजराचा कीस हाणला होता. बायको म्हणाली, "गेल्या महिन्यात माझे रक्ताचे रिपोर्ट आले, ते इतक्या बारकाईनं वाचले होते का?" मी पुन्हा पेपरात डोकं घातलं.

दुसरी तपासणी वजनाची. बजरीगर साधारण ३० ते ४० ग्रॅमचा असतो, त्यामुळे तीन-चार ग्रॅम उतरले तरी धोक्याची घंटा. बायकोच्या केकच्या काट्यावर वाटी ठेवायची, वाटीत चार दाणे टाकायचे, तो आत शिरला की आकडा टिपायचा. आमचा मालक ३५ ग्रॅम भरतो, म्हणजे सराफाच्या हिशेबानं साडेतीन तोळे. हे मी कौतुकानं बोलून गेलो. त्यावर, साडेतीन तोळे या घरात रोज तोलले जातात पण गळ्यात काही पडत नाही, या विषयावर मला जे ऐकावं लागलं ते इथे देत नाही.

खाणं हे निराळंच पुराण. नुसत्या राळे-बाजरीवर ठेवला तर यकृतावर चरबी चढते आणि अ जीवनसत्त्व कमी पडतं. म्हणून रोज कोथिंबीर, मेथी, शेवग्याचा पाला. पाला फवारणीचा असतो, तो तीन पाण्यांतून काढायचा. नळाला रोज पाणी नसलेल्या गावात कोथिंबिरीची तीन पाण्यांतून आंघोळ! आईनं एकदा ते पाणी तुळशीला घालता घालता विचारलं, "माझे कपडे किती पाण्यांतून काढतोस रे?" कॅल्शियमसाठी काष्ठौषधीच्या दुकानातून समुद्रफेस, म्हणजे कटलफिश या सागरी जिवाचं पांढरं हाड आणलं. त्याच्याकडे तो आठवडाभर पाठ करून बसला, आणि मग असा फडशा पाडला की पिंजऱ्याखाली रांगोळी सांडल्यागत पसरली.

सगळ्यात मोठं दुःख शेंगाचटणीचं. पक्ष्यांना मिरची झोंबतच नाही. तिखटाची आग त्यांना जाणवत नाही, म्हणून तर ते मिरच्या खुशाल खातात आणि बिया लांबलांब टाकून येतात. म्हणजे सोलापुरात राहायला जन्मजात लायक प्राणी! पण चटणीतलं मीठ त्याला घातक. त्यामुळे कडक भाकरी आणि चटणीचं ताट पुढे आलं की मालक खांद्यावरून दंडावर, दंडावरून मनगटावर उतरत येतो आणि मी डाव्या हातानं ताट झाकून उजव्या हातानं जेवतो. चहाही वर्ज्य, चॉकलेट वर्ज्य, अॅव्होकॅडो तर विषच. या शेवटच्या पथ्याचा मात्र आमच्या घरात कुणाला त्रास झाला नाही.

धुराचंही तसंच. पक्ष्याच्या छातीत फुप्फुसांच्या जोडीला हवेच्या पिशव्या असतात. श्वास आत घेताना आणि सोडताना, दोन्ही वेळा ताजी हवा फुप्फुसातून जाते. उडायला उत्तम, पण विषारी हवा आली तर तीही तितक्याच झपाट्यानं भिनते. नॉनस्टिकचा तवा जास्त तापला तर त्याच्या वाफेनं पक्षी काही मिनिटांत जातो. तवा माळ्यावर गेला, डासांची कॉइल गेली, आईची उदबत्ती देवघरातून गच्चीवर गेली. देव खाली आणि उदबत्ती वर, अशी पूजा सध्या चालू आहे. डास मात्र खालीच आहेत.

आणि मग येतो मे महिना. ऑस्ट्रेलियाच्या रखरखीत माळावरचा पक्षी, त्याला सोलापूरचं ऊन काय करणार, असं वाटेल. पण तो तिथे सकाळ-संध्याकाळ उडतो, दुपारी झाडाच्या सावलीत बसतो. स्लॅबच्या घरात पारा ४३च्या वर गेला की तो चोच उघडून धापा टाकतो, पंख अंगापासून लांब धरतो. मग ओला टॉवेल पिंजऱ्याच्या एका बाजूला टांगायचा. टॉवेलांना गावात तोटा नाही. त्याच्या अंगावर पाण्याचा हलका फवारा मारायचा. आणि रोज त्याला मोकळं सोडायचं, कारण नुसता बसून राहिला तर लठ्ठ होतो. मोकळा सोडायचा म्हणजे आधी पंखा बंद. घरातली सगळी माणसं बनियनवर, गळ्याला पंचे गुंडाळून, हातात जुन्या लग्नपत्रिका घेऊन वारा घेत बसतात. मालक दोन फेऱ्या मारतो आणि जाऊन बसतो कुठे? बंद पंख्याच्या पात्यावर. तिथून तो खाली आमच्याकडे एका डोळ्यानं बघतो, मग मान वळवून दुसऱ्या डोळ्यानं बघतो, आणि पिसं साफ करायला घेतो. एकेक पीस चोचीत धरून मुळापासून टोकापर्यंत. शेपटीचं सगळ्यात शेवटी, सावकाश.

मध्यंतरी तो मलूल झाला, डोक्यावर काटे उभे राहिले. धावत जनावरांच्या डॉक्टरकडे नेला. रांगेत एक शेळी, एक अल्सेशियन आणि बुटाच्या खोक्यात मालक. मी मोबाइलमधले विष्ठेचे फोटो तारखेवार दाखवायला लागलो तसा शेळीवाला लांब सरकून बसला. डॉक्टर म्हणाले, "पिसं बदलतायत. थोडं उकडलेलं अंडं द्या." घरात आजवर अंडं शिजलेलं नाही. आईनं तत्त्वाचा प्रश्न काढला, "पक्ष्यानं अंडं खायचं?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. शेवटी शेजारच्या अण्णांच्या घरी अंडं उकडलं, बशीही त्यांचीच, आणि मालकांनी भोजन गॅलरीत केलं.

हे झालं आरोग्य. आनंदाचं काय? जो येतो तो म्हणतो, "एकटा आहे बिचारा." म्हणून आरसा लावला, तर हा आरशातल्या पक्ष्याला पोटातले दाणे काढून भरवायला लागला. आरसा काढला. मग मीच रोज तासभर गप्पा मारू लागलो. नर बजरीगर बोलायला शिकतो म्हणतात, म्हणून मी 'जय सिद्धेश्वर' शिकवत होतो. तो शिकला गल्लीतल्या पोरांकडून. पुण्याचे पाहुणे आले, सोफ्यावर टेकले, आणि पिंजऱ्यातून स्वच्छ आवाज आला, "काय करूलालास बे?" पाहुण्यांनी माझ्याकडे बघितलं.

आता पंढरपूरला भाच्याचं लग्न आहे, म्हणून मालकांना अण्णांकडे ठेवायचं ठरलंय. मी सूचना लिहून काढल्या: दिवेलागणीला पिंजरा झाकणं, दहा-बारा तास झोप, टीव्ही हळू, पाणी दोनदा बदलणं, वजन, पेपर. अण्णांचं आयुष्य मागावर गेलं. त्यांनी चष्मा लावून दोन्ही पानं शांतपणे वाचली आणि घडी घालून खिशात ठेवली.

"सगळं करतो मालक. नातवंडं सांभाळलाव, हे काय! पण हा बाहेर असताना पंखा बंद म्हणालाव. मग मी कुठं बसू? पिंजऱ्यात?"