रोमच्या १८४९च्या राज्यघटनेविषयी
‘१८४९चे रोमन प्रजासत्ताक पाच महिन्यांत कोसळले आणि मागे काहीच ठेवून गेले नाही’ हे लेखातील विधान मला पटले नाही. पोपची सत्ता हटवून ९ फेब्रुवारीला घोषित झालेल्या या प्रजासत्ताकाच्या संविधानसभेने, पोपला परत आणायला आलेल्या फ्रेंच तोफांचा मारा सुरू असतानाही, राज्यघटनेवरील काम थांबवले नाही, आणि ३ जुलै रोजी, म्हणजे फ्रेंच सैन्य शहरात शिरले त्याच दिवशी, ती कॅपिटोलिन टेकडीवरून जाहीर केली. तिने मृत्युदंड रद्द केला होता आणि नागरी व राजकीय हक्क धार्मिक श्रद्धेवर अवलंबून राहणार नाहीत, असे स्पष्ट म्हटले होते. पोपच्या राजधानीत, जिथे ज्यूंना नागरिक म्हणून समान हक्क नव्हते, तिथे हे लिहिले गेले, याचे मोल लेखकाने जाणायला हवे होते. ही घटना अमलात येऊ शकली नाही, हे खरेच. पण तिला बुडवणारे सैन्य फ्रान्सच्या प्रजासत्ताकाचे होते, ही विसंगती लेखात एका ओळीनेही येऊ नये याचे नवल वाटते.

काही वर्षांपूर्वी रोममधील जानिकुलम टेकडीवर गेलो असताना तेथील लांब, बुटक्या भिंतीवर या घटनेची सगळी कलमे कोरलेली पाहिली. इटालियन क्रांतिकारक मॅझिनी आपल्याकडे त्याच्या लेखनाच्या सावरकरांनी केलेल्या १९०७च्या मराठी अनुवादामुळे परिचित आहे, परंतु तो गुप्त संघटनांचा प्रेरणादाता म्हणून. साफी आणि आर्मेल्लिनी यांच्यासह या प्रजासत्ताकाच्या तीन शासकांपैकी (त्रिमूर्तींपैकी) एक म्हणून त्याने प्रत्यक्ष राज्य चालवले, हा भाग मात्र आपल्या लेखनात सहसा येत नाही, आणि या लेखातही तो आलेला नाही.