फेरस लिहिलं, म्हणून फुली?

लोखंड विरल हायड्रोक्लोरिक आम्लात टाकलं की फेरस क्लोराइड तयार होतं. फेरिक (ज्यात लोखंडाच्या अणूने तीन इलेक्ट्रॉन दिलेले असतात) नाही, फेरस (ज्यात दोनच दिलेले असतात)! हे सांगून सांगून माझा घसा बसलाय, आणि ज्याने ऐकायला हवं तो ढिम्म हलत नाहीये.

माझी भाची दहावीत आहे, भांडुपला स्टेशनजवळच्या एका क्लासला जाते. तिथल्या चाचणीत पोरीने लिहिलं: लोखंडाचा १ अणू, आम्लाचे २ रेणू, त्यातून फेरस क्लोराइडचा १ आणि हायड्रोजनचा १. चोख उत्तर. त्यावर लाल फुली! का, तर क्लासच्या छापील नोट्समध्ये लोखंड २, आम्ल ६, फेरिक क्लोराइड २ आणि हायड्रोजन ३ असं दिलंय. फोन केला तर सर म्हणतात, "मॅडम, अणू मोजून बघा. दोन्हीकडे बॅलन्स आहे ना?"

अहो, आहे बॅलन्स! पण अशी अभिक्रिया होतच नाही, त्याचं काय? खोट्या बिलांचीही बेरीज जुळते. आम्लातले दोन हायड्रोजन आयन मिळून लोखंडाच्या अणूकडून दोन इलेक्ट्रॉन घेतात, तिसरा काढून घ्यायची ताकद त्यांच्यात नाही. बरं, थोडं फेरिक कुठून आलंच, तर उरलेलं लोखंड त्याला परत फेरस करून टाकतं. परीक्षानळीत एक खिळा टाकून बघा ना! द्रावण फिकट हिरवं होतं. फेरिकचं पिवळसर तपकिरी असतं. दोन रुपयांच्या खिळ्याने मिटणारा वाद, पण त्या क्लासमध्ये एसी आहे, प्रोजेक्टर आहे, परीक्षानळी एकही नाही.

"धातू अधिक आम्ल, क्षार अधिक हायड्रोजन" एवढंच पोरांकडून घोटून घेतलंय. त्यामुळे ती तांब्यातूनही हायड्रोजन काढतात! तांबं क्रियाशीलता श्रेणीत (जास्त क्रियाशील वर, कमी क्रियाशील खाली अशा यादीत) हायड्रोजनच्या खाली आहे, विरल हायड्रोक्लोरिक आम्लात ते नुसतं पडून राहतं, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही.

आणि तांबं व विरल नायट्रिक आम्ल? तिथे तर "तीन आठ, तीन दोन चार" असं पाठ करायला लावलंय, म्हणजे तांबं ३, आम्ल ८, त्यातून कॉपर नायट्रेट ३, नायट्रिक ऑक्साइड २ आणि पाणी ४. हे आकडे येतात कुठून, ते पाच मिनिटांत फळ्यावर दाखवता येतं. तांब्याचा अणू २ इलेक्ट्रॉन देतो. नायट्रिक ऑक्साइड होताना नायट्रोजन ३ घेतो. देणंघेणं जुळवायचं तर तांबं ३ आणि नायट्रिक ऑक्साइड २. कॉपर नायट्रेटच्या ३ रेणूंना नायट्रेट ६ लागतात, म्हणून आम्ल ६ आणि नायट्रिक ऑक्साइडसाठीचं २ मिळून ८. त्यातल्या ८ हायड्रोजनचं पाणी होतं ४. संपलं! भाचीला मी हे स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभं राहून सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "मावशी, एवढंच होतं?" संताप आला मला. तिचा नाही, ज्यांनी एवढी फी घेऊन हे लपवलं त्यांचा.

सर, नोट्समधलं ते पान बदला. दुरुस्त करून सगळ्या बॅचना वाटा. आणि फेरस लिहिणाऱ्या प्रत्येक मुलाचे कापलेले गुण परत द्या. एकट्या माझ्या भाचीचे वाढवून मला गप्प करू नका.