एवढी गाडी घेतली, आता बिल काय वाचता!

अभिनंदन! नाशिकच्या गंगापूर रोडच्या स्पीडब्रेकरवर तिरपी घालावी लागणारी, दोन दारांची, जमिनीला चिकटून चालणारी गाडी तुमच्या दारात उभी राहिली. आता ती कधीतरी बिघडेल. यंत्र आहे, बिघडायचंच. प्रश्न एवढाच, की बिघडल्यावर तुम्ही शोरूमच्या वर्कशॉपला शोभणारे ग्राहक ठरणार की नाही.

शोभणारा ग्राहक भाजीबाजारात मेथीच्या जुडीवरून पाच रुपये सोडत नाही, पण लाखाच्या बिलावर सही करताना कागद उलटूनही बघत नाही. का, तर ‘एवढी गाडी घेतली आणि हिशेब विचारतो’ असं कुणी म्हणेल. भीड भिकेची बहीण ही म्हण ज्यांनी केली, त्यांच्याकडे ड्युअल क्लच गिअरबॉक्स नव्हता. तुमच्याकडे आहे, तेव्हा भीड सोडू नका. आपलं गाव त्या बाबतीत जरा अडचणीचं आहे. सातपूरला डिझेल इंजेक्टरचे भाग मायक्रॉनमध्ये मोजतात. ओझरला सुखोई उघडून परत बसवतात, आणि विमानाच्या कामात कुठला बोल्ट किती आवळला याचीही नोंद ठेवावी लागते. असल्या कामावरचा एखादा मेव्हणा नाही तर काका तुमच्या घरात निघतोच. गाडी सोडायला जाताना त्याला अजिबात बरोबर नेऊ नका.

आधी गाडी तिथवर पोचली पाहिजे. या जातीच्या गाड्यांचं वर्कशॉप बहुतेक वेळा मुंबईला नाही तर पुण्याला, म्हणजे बंद पडलेली गाडी मुंबईकडे कसारा घाट उतरणार ती फ्लॅटबेड ट्रकवरूनच. बॅटरी उतरली असेल तर आणखी बहार. इंजिन मागे असलेल्या काही गाड्यांत बॅटरी पुढच्या बॉनेटखाली असते आणि बॉनेटचं लॉक विजेवर चालतं. बॅटरी मेली की बॅटरीपर्यंत हातच पोचत नाही. तोडगा ड्रायव्हरच्या पायाशी, फ्यूज बॉक्समध्ये असतो. तिथलं पॉझिटिव्ह टर्मिनल बाहेर ओढायचं, त्याला दुसऱ्या १२ व्होल्ट बॅटरीची लाल वायर लावायची, काळी दाराच्या लोखंडी कडीला, आणि चावीचं बटण दाबायचं. हे सगळं गाडीच्या पुस्तकात चित्रासकट छापलेलं आहे, म्हणूनच पुस्तक उघडू नका. टोइंगवाल्याला पहार लावू द्या. मग लॉक असेंब्ली, बॉनेटचं डेंटिंग आणि पेंटिंग अशा तीन ओळी बिलात आपोआप उगवतात.

टो-हुक टूलकिटमध्ये असतो आणि बऱ्याच युरोपीय गाड्यांत त्याचे आटे उलटे असतात. दोन आटे धरले की पुरे म्हणा, पूर्ण बसवायचा आग्रह नको. रॅम्पखाली फळ्या टाकून चढ कमी करायला सांगू नका. पुढच्या बंपरच्या लिपला तेवढंच जमिनीचं दर्शन. पट्टे टायरवरून बांधायचे असतात. ते सस्पेन्शनच्या अ‍ॅल्युमिनियमच्या आर्मला बांधून घाटात हिंदकळवले, तर पोचल्यावर अलाइनमेंट बिघडलेलीच निघते. चारही बाजूंचे, रिमचे आणि ओडोमीटरचे फोटो काढायची कल्पना तर मनातही आणू नका. ओरखडा जाण्याआधीचा की नंतरचा, असला भेद मोठ्या माणसांनी करायचा नसतो.

आता जॉब कार्ड. त्यावर लिहा : ‘आवाज येतो.’ बस. थंड इंजिनवर येतो की तापल्यावर, किती वेगाला, डावीकडे वळताना की ब्रेक दाबताना, हे लिहिलंत तर बिचाऱ्या अ‍ॅडव्हायझरला गाडी तशी चालवून बघावी लागेल. वेगाबरोबर वाढणारी आणि वळणावर बदलणारी घरघर बहुधा व्हील बेअरिंगची, बारीक खड्ड्यातली टकटक लिंक रॉडची नाही तर बुशची, हे ठाऊक असलं तरी पोटात ठेवा. ‘आवाज येतो’ या तक्रारीला उत्तर ठरलेलं आहे : ‘सर, आम्ही चालवून पाहिली. हे या गाडीचं कॅरॅक्टर आहे.’ यावर कौतुकाने हसावं.

चेक इंजिनचा दिवा लागला असेल तर मात्र खरा सोहळा. समजा तुमच्या सहा सिलिंडरच्या गाडीत स्कॅनरवर पी०३०१ हा कोड आला. याचा अर्थ एवढाच, की एक नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर होतोय, म्हणजे इंधन नीट पेटत नाही. कशामुळे, ते यंत्र सांगत नाही. कॉइल असेल, प्लग असेल, इंजेक्टर असेल, कॉम्प्रेशन कमी असेल. जुन्या पद्धतीचा मिस्त्री काय करतो? एक नंबरची कॉइल काढून तीन नंबरवर लावतो, कोड पुसतो, गाडी चालवतो. आता पी०३०३ आलं तर कॉइल गेली. एक कॉइल बदला, घरी जा. कोड एक नंबरवरच राहिला तर हाच खेळ प्लगचा, मग इंजेक्टरची तपासणी, शेवटी कॉम्प्रेशन. या अदलाबदलीला एकही नवा पार्ट लागत नाही, आणि नेमकी हीच तिची खोट. ज्यात पार्ट विकला जात नाही त्याला निदान कसं म्हणायचं? म्हणून आधी सहाच्या सहा कॉइल, मग सहा प्लग, मग सहा इंजेक्टर, आणि दिवा तरीही लागला तर इंजिनचा कंट्रोल युनिट जर्मनीहून मागवायचा. एवढ्या नव्या पार्टांत एखादा खरंच गेलेला असतोच, त्यामुळे दिवा कधी ना कधी विझतो. कुठल्या पार्टाने विझला, हे विचारणं असभ्यपणा आहे. सर्व्हिसला गाडी गेली, इंजिन प्रेशरच्या पाण्याने धुतलं, कॉइलच्या रबराला चीर होती, पाणी आत गेलं आणि दिवा दुसऱ्या दिवशी लागला, असा काही संबंध मनात आलाच, तर तो योगायोग समजावा.

आणि सगळ्यातून हात झटकायचा राजमार्ग म्हणजे ‘सर, पेट्रोल कुठे भरता?’ द्वारका सर्कलला भरलं असं म्हणालात की मान हलते. त्र्यंबक रोडला म्हणालात तरी तशीच हलते. सोबत २० टक्के इथेनॉलचा उल्लेख येतो. जुन्या गाडीच्या बाबतीत तो अगदीच पोकळ नसतो. पेट्रोलच्या झाकणामागे किंवा पुस्तकात ई१०, म्हणजे १० टक्के इथेनॉलपर्यंतच, असं लिहिलेलं असेल तर रबरी नळ्यांवर लक्ष ठेवावंच लागतं. पण इंधन खराब असेल तर त्रास सहाही सिलिंडरला व्हायला हवा, एकट्या एक नंबरने काय घोडं मारलंय, हा प्रश्न तुमच्या ओठांवर आला की कॉफी मागवा. लाउंजमधली कॉफी खरंच चांगली असते.

गिअरबॉक्सचं ऑइल बदलायची वेळ आली की वर्कशॉपमधलं घड्याळ बघू नका, थर्मामीटर तर मुळीच नको. बऱ्याच ड्युअल क्लच गिअरबॉक्समध्ये ऑइलची लेव्हल इंजिन चालू ठेवून, ऑइल ३५ ते ४५ अंशांवर असताना ठरवतात. ओव्हरफ्लोचं भोक उघडायचं, जास्तीचं वाहू द्यायचं, थेंब थेंब यायला लागलं की नवा वॉशर घालून बंद. गाडी टेस्ट ड्राइव्हवरून नुकतीच आली आहे, ऑइल तापून फुगलंय, आणि त्याच घाईत भोक उघडलं तर गरजेपेक्षा जास्त वाहून जातं. निवल्यावर लेव्हल कमी. मग गिअर बदलताना झटके येतात, क्लच तापतात, आणि महिन्याभराने तुम्हाला ‘मेकाट्रॉनिक’ हा शब्द पहिल्यांदा ऐकायला मिळतो. हा गिअरबॉक्सचा मेंदू, आणि तो लाखांच्या घरातला असतो. ऑइल किती अंशांवर भरलं ते स्कॅनरच्या स्क्रीनवर दिसतं आणि फोनवर त्याचा फोटो क्षणात निघतो. तो मागू नका म्हणून तर एवढं सविस्तर सांगितलं.

कूलंटचं तसंच. इंजिन मागे, रेडिएटर पुढे, मधे लांबलचक पाइप. व्हॅक्यूमने हवा ओढून मगच कूलंट भरायचं असतं, आणि तो व्हॅक्यूम काही मिनिटं टिकला तर गळती नाही हेही फुकटात कळतं. नुसतं बाटलीने ओतलं की हवेचा बुडबुडा कुठेतरी अडकतो आणि तापमानाचा काटा वर चढतो तो इगतपुरीच्या चढाला. पुन्हा फ्लॅटबेड.

टायरकडे येऊ. तुमच्या गाडीला पुढे २३५ आणि मागे २६५ रुंदीचे टायर आहेत, म्हणजे पुढचे मागे बसवताच येत नाहीत. तरीही बिलात ‘टायर रोटेशन’ दिसलं तर आनंद माना. अशक्य काम तुमच्या गाडीवर झालं. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. नवे म्हणून बसवलेले टायर किती वर्षं गोदामात झोपले होते ते यावरून कळतं, सबब खाली वाकू नका. चाकाचे बोल्ट गाडीप्रमाणे १२० ते १६० न्यूटन-मीटरला टॉर्क रेंचने आवळायचे असतात. एकाच सेंटर-लॉक नटाचं चाक असेल तर ६०० पर्यंत जावं लागतं. हवेच्या गनने खटखट करून भागतं, असं कारागिराचं मत पडलं तर त्याच्या अनुभवाचा मान राखा. लॉकिंग बोल्टची खास चावी परत मिळाली का, हे पंक्चर होईपर्यंत तपासू नका. आणि ब्रेक कार्बन-सिरॅमिकचे असतील तर चाक काढताना रिम घसरून डिस्कच्या कडेचा टवका उडू नये म्हणून गाइड पिना लावाव्या लागतात. त्या टूलकिटच्या पिशवीतच पडून असतात, अगदी कोऱ्या.

बिल वाचायचं नाही हे ठरलंच आहे, तरी चुकून नजर गेली तर काय करायचं तेवढं सांगतो. इंजिनमध्ये साडेसात लिटर ऑइल मावतं असं पुस्तक म्हणतं आणि बिलात नऊ लिटर आहे. उरलेलं मागायचं नाही. नऊच्या नऊ आत ओतलं असेल तर ब्रीदरमधून ऑइल इनटेकमध्ये जातं, निळा धूर निघतो, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची वाट लागते. पण डिपस्टिक नसलेल्या गाडीत हे बघणार कोण? खरं तर सपाट जागी, गरम इंजिनवर स्क्रीनच लेव्हल दाखवते. ‘कन्झ्युमेबल्स’ या ओळीचा अर्थ फडकं. ‘एसी डिसइन्फेक्शन’ म्हणजे एक स्प्रे. वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे फडक्यालाही सरकारी मान्यता. जुने पार्ट डिकीत ठेवून द्या, असं जॉब कार्डवर आधीच लिहून घेतलं तर निम्म्या गोष्टी बदलायच्या राहतात असा अनुभवी लोकांचा समज आहे. डिकी आधीच छोटी, उगाच कशाला भरता?

रोड टेस्टबद्दल मन मोठं ठेवा. ओडोमीटर दोन आकडी किलोमीटर पुढे गेला असेल तर मुलांनी मनापासून तपासली. काही जर्मन गाड्यांचा संगणक इंजिन लाल रेषेपलीकडे किती वेळा गेलं आणि शेवटचं किती चालू तासांवर गेलं, हे साठवून ठेवतो. वॉरंटी नाकारताना हा रिपोर्ट तुमच्यापुढे ठेवला जातो. गाडी सोडतानाचे चालू तास जॉब कार्डवर लिहिलेले असतील तर त्या रिपोर्टातली शेवटची नोंद कोणाच्या पायाखालची हे लगेच उघडं पडतं. एखाद्या पोराची नोकरी जाईल. पाप कशाला डोक्यावर घेता?

पावसाळ्याचं थोडक्यात. गोदेच्या पुरात दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलेलं बघायला याच गाडीतून जा, पाण्यात बंद पडली की बटण पुन्हा पुन्हा दाबा. हवा ओढायची जागा खाली असल्याने सिलिंडरमध्ये पाणी शिरतं, पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. विम्यात इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कलम घेतलेलं नसेल तर सर्व्हेअर एका ओळीत फाइल मिटवतो.

गावात अंबडकडे कुणी चांगला मिस्त्री आहे असं कळलं, तर ‘बाहेर हात लागला की वॉरंटी गेली’ हे वाक्य आठवा. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ साली १४ कार कंपन्यांना दंड ठोठावताना, बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका असंही बजावलं होतं. पुढे अपिलं झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या. पण काउंटरवर ही तारीख काढणारा माणूस कुणालाच आवडत नाही. १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबरही असाच, सेव्ह करू नका. ई-जागृती या सरकारी पोर्टलवर घरबसल्या तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी नाही, वकीलही सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. फक्त तिथे जॉब कार्ड, एस्टिमेट, फोटो, ईमेल असं सगळं मागतात, आणि तुमच्याकडे, आपण ठरवल्याप्रमाणे, यातलं काहीच नाही.

महिनाअखेरीला कंपनीतून एक गोड आवाज फोन करेल. त्याआधी अ‍ॅडव्हायझरने कानात सांगितलेलं असेल, ‘सर, दहापैकी दहा द्या, नऊ म्हणजे आमच्यात नापास.’ खरोखरच तसं असतं. त्या आकड्यावर त्यांचा इन्सेंटिव्ह ठरतो आणि तुमच्या हातात असलेलं चालणारं हत्यार तेवढं एकच. खुशाल दहा द्या. टार्गेटसाठी जॉब कार्ड ३१ तारखेला बंद झालंय, म्हणून तर फोन आला. गाडी अजून लिफ्टवरच आहे.