रणगाडा भंगारात काढायला निघालेल्यांना

गेल्या काही महिन्यांत एकच मजकूर चार वेगवेगळ्या गटांतून माझ्याकडे आला. शेवटी तर मामांनीच पाठवला, खाली हात जोडलेले दोन इमोजी लावून. मजकूर थोडक्यात असा: "रणगाड्यांचा जमाना संपला. युक्रेनमध्ये चाळीस हजारांच्या ड्रोनने कोट्यवधींचे रणगाडे फोडले. एका रणगाड्याच्या पैशात हजारो ड्रोन येतात. रशियन रणगाडे तर पत्र्याचे डबेच. आपली खरी सीमा आता हिमालयात आहे आणि तिथे रणगाड्याचा उपयोग शून्य. तरी सरकार जुन्या टी-७२ रणगाड्यांना नवी इंजिनं बसवतंय आणि नवे रणगाडेही घ्यायला निघालंय. करदात्यांनो, जागे व्हा."

मी नगरचा. आता अहिल्यानगर, पण तोंडात अजून नगरच बसलंय. चिलखती दलाचं प्रशिक्षण केंद्र आमच्या गावात, यांत्रिक पायदळाचं रेजिमेंटल सेंटरही इथलंच आणि खारे-कर्जुन्याच्या रेंजवर फायरिंग सुरू झालं की लहानपणी आम्हाला ते घरात बसून कळायचं. एवढ्यावर कोणी तज्ज्ञ होत नाही, हे मान्य. पण हा मजकूर वाचून गप्प बसवेना, कारण त्यातली निम्मी विधानं खरी आहेत. निम्म्या खऱ्याचा प्रतिवाद करणं पूर्ण खोट्यापेक्षा अवघड जातं.

"ड्रोनने रणगाडा संपवला." जळणाऱ्या रणगाड्यांचे व्हिडिओ बनावट नाहीत. रशियाचे तीन हजारांहून जास्त रणगाडे गेल्याचं नुसत्या छायाचित्रांवरून मोजणाऱ्यांनी २०२४ पर्यंतच नोंदवलं होतं. फक्त ते सगळे ड्रोनने गेले नाहीत. २०२२ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये रशियन ताफे सोबत पुरेसं पायदळ न घेता रस्त्या-रस्त्याने निघाले. काहींचं डिझेल संपलं, काही चिखलात रुतले, काही चालक दल उतरून निघून गेल्यामुळे तसेच शत्रूच्या हाती पडले. २०२३ च्या उन्हाळ्यात युक्रेनने दक्षिणेत चढाई केली तेव्हा जर्मन बनावटीचे लेपर्ड रणगाडे आधी अडकले ते सुरुंगांत. तोफखाना आणि ड्रोन त्यांच्यावर तुटून पडले ते त्यानंतर.

आणि ड्रोनला बांधलेला स्फोटक गोळा कोणता असतो? बऱ्याचदा आरपीजी-७ चाच. हे खांद्यावरून डागायचं शस्त्र १९६१ पासून सोव्हिएत सैन्यात आहे. म्हणजे मारणारी वस्तू साठ वर्षं जुनी आणि पंख नवे. पंखांनी फरक पडला नाही असं मी म्हणत नाही. रणगाड्याचं जाड चिलखत समोर असतं, वरचं छत आणि मागचा इंजिनाचा भाग पातळ असतो आणि ड्रोन नेमका तिथेच उतरतो. ही अडचण खरी आहे. पण घराला वरून गळती लागली तर छप्पर दुरुस्त करतात, घर सोडून उघड्यावर झोपायला जात नाहीत.

रणगाड्याचा मृत्युलेख पहिल्यांदा लिहिला जातोय असंही नाही. १९७३ च्या ऑक्टोबरात सिनाईत इस्रायली रणगाडे एकटेच पुढे धावले आणि इजिप्तच्या पायदळाने तारेवरून दिशा देता येणाऱ्या सॅगर क्षेपणास्त्रांनी त्यांची दाणादाण उडवली. तेव्हाही जगभर लिहिलं गेलं की एका माणसाने उचलून न्यायच्या पेटीपुढे रणगाडा हरला. इस्रायलने काय केलं? पायदळ आणि तोफखाना पुन्हा रणगाड्यांच्या सोबत ठेवला, पुढे अंगावर स्फोटक विटा लावल्या (आदळणाऱ्या गोळ्याचा मारा बाहेरच मोडणारं आवरण) आणि १९७९ मध्ये स्वतःचा नवा मर्कावा रणगाडा सैन्यात आणला. २०११ पासून त्यावर येणारा गोळा हवेतच फोडणारी ट्रॉफी यंत्रणा कामाला लागली. तरी ऑक्टोबर २०२३ मध्ये हमासच्या छोट्या ड्रोननी मर्कावावर वरून बॉम्ब टाकलेच. ढाल आणि भाल्याची ही शर्यत अशीच चालते. एक पुढे गेला म्हणून दुसरा खेळ सोडत नाही.

आपल्याकडचं उदाहरण तर शाळकरी पोरांनाही पाठ आहे. १९६५ मध्ये असल उत्तरला हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवर बसवलेल्या १०६ मिमी रिकॉइललेस तोफेने पाकिस्तानचे पॅटन रणगाडे फोडले. त्या काळचं ते स्वस्त शस्त्र विरुद्ध महागडा रणगाडाच होतं. त्यावरून कोणी आपले सेंच्युरियन रणगाडे मोडीत काढले नाहीत. तिथले पॅटन हरले कारण शेतांत पाणी सोडलेलं होतं, चिखलात ते अडकले आणि उसाच्या आड आपल्या तोफा लपलेल्या होत्या. नवा आणि भारी रणगाडा चुकीच्या पद्धतीने पुढे घातला तर काय होतं, त्याचा तो धडा होता.

शेजारी युद्ध पेटलेलं असताना लोक काय विकत घेतात ते बघा. पोलंडने २०२२ मध्ये दक्षिण कोरियाचे १८० के-२ आणि अमेरिकेचे २५० अब्राम्स रणगाडे मागवले. नॉर्वेने ५४ लेपर्ड मागवले. सगळ्यात बोलकं उदाहरण नेदरलँड्सचं. त्यांनी २०११ मध्ये खर्च वाचवायला आपल्या रणगाडा बटालियन बरखास्त केल्या आणि आता पुन्हा उभ्या करायला ४६ नवे लेपर्ड मागवले आहेत. उलट उदाहरणही सांगतो, नाहीतर मामा म्हणतील लपवलं: अमेरिकेच्या मरीन कोअरने २०२० नंतर आपले सगळे रणगाडे देऊन टाकले. पण त्यांना लढायचंय प्रशांत महासागरातल्या बेटांवर. त्याच अमेरिकेच्या लष्कराने अब्राम्स सोडलेला नाही.

"एका रणगाड्यात हजारो ड्रोन." हिशेब अगदी बरोबर आहे, मी करूनच दाखवतो. २०२१ मध्ये आपल्या ११८ देशी अर्जुन मार्क-१ए रणगाड्यांची ऑर्डर ७,५२३ कोटी रुपयांची होती, म्हणजे सरळ भागाकाराने एक सुमारे ६४ कोटींना. चाळीस हजारांचा एक ड्रोन धरला तर सोळा हजार ड्रोन! मग पुढे? एक छोटा ड्रोन काही किलोमीटर उडतो आणि एकदाच फुटतो. रेडिओ लहरी अडवल्या की भरकटतो. दाट धुक्यात चालवणाऱ्यालाच काही दिसत नाही आणि डिसेंबर-जानेवारीतलं पंजाबचं धुकं ज्याने पाहिलंय त्याला हे वेगळं सांगायला नको. एका रणगाड्यामागे अनेक ड्रोन खर्ची पडतात. मुख्य म्हणजे ड्रोन शत्रूला मारतो, पण जागा ताब्यात घेत नाही आणि घेतलेली धरूनही ठेवत नाही. सोळा हजार ड्रोन जरूर घ्या, पण ते रणगाड्याच्या सोबतीला घ्या.

"रशियन रणगाडे पत्र्याचे डबे." टी-७२ चं टरेट, म्हणजे तोफेसकट फिरणारा वरचा भाग, हवेत उडताना सगळ्यांनी पाहिलंय. त्याचं कारण पत्रा नव्हे. या रणगाड्यात गोळे भरायला माणूस नसतो, यंत्र असतं आणि त्या यंत्राच्या चकतीत २२ गोळे टरेटच्या बरोबर खाली, जवानांच्या पायांशी असतात. उरलेले इकडेतिकडे आत ठेवलेले. चिलखत भेदून ठिणगी तिथवर पोचली की आतला दारूगोळाच पेटतो. अब्राम्समध्ये बहुतेक गोळे मागच्या वेगळ्या कप्प्यात असतात आणि स्फोट झाला तर कप्प्याचं झाकण बाहेर उडतं. माणसं वाचायची शक्यता त्यामुळे जास्त. हा दोष खराच आहे आणि तीन माणसांत चालणारा, हलका, बुटका रणगाडा हवा म्हणून सोव्हिएत अभियंत्यांनी तो पत्करला होता.

पण "मग पाश्चात्त्य घ्या" म्हणणाऱ्यांनी वजनाचा विचार केलाय का? टी-७२ साधारण ४१ टनांचा, टी-९० सुमारे ४६ टनांचा. अर्जुन मार्क-१ए तब्बल ६८ टन. पंजाबात सीमेलगत कालवे आणि त्यांच्या काठचे उंच बांध पसरलेले आहेत, त्यावरचे पूल आहेत, रणगाडे नेणाऱ्या रेल्वे वाघिणी आहेत. वीस टन वाढले की हे सगळं बदलावं लागतं. आणि पाश्चात्त्य रणगाडे अमर असतात असंही नाही. २०१६ च्या शेवटी सीरियात अल-बाबजवळ तुर्कस्तानचे लेपर्ड जळले, युक्रेनला दिलेल्या ३१ पैकी उरलेले अब्राम्स ड्रोनच्या भीतीने २०२४ च्या एप्रिलमध्ये आघाडीवरून काही काळ मागे घ्यावे लागले.

"हिमालयात उपयोग शून्य." हे वाचून मात्र मला खरंच राग आला. १ नोव्हेंबर १९४८. झोजिला खिंड, उंची साडेतीन हजार मीटरच्या आसपास, वरून बर्फ. जनरल थिमय्यांनी ७ लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे तिथे चढवले. कमकुवत पुलांवरून नेता यावेत आणि कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून वाटेत त्यांची टरेट काढून ठेवली होती. बालतालच्या पुढची वाट मद्रास सॅपर्स या लष्करी अभियंत्यांनी तयार केली. इतक्या उंचीवर रणगाडा येईल अशी कल्पनाच शत्रूने केली नव्हती, खिंड उघडली आणि लडाख वाचला. १९६२ मध्ये २० लान्सर्सचे एएमएक्स-१३ हलके रणगाडे वायुसेनेच्या एएन-१२ विमानांत घालून थेट लडाखातल्या चुशूलला उतरवले. आणि ऑगस्ट २०२० च्या शेवटी पूर्व लडाखातल्या कैलास रांगेवर, रेझांग ला आणि रेचिन ला भागात, आपले रणगाडे चिनी रणगाड्यांसमोर उभे होते. चीनने तर उंचीवरच्या लढाईसाठी टाइप-१५ हा हलका रणगाडा मुद्दाम बनवून आणलाय. उपयोग शून्य असता तर त्यांनी ती तसदी कशाला घेतली असती?

उंचीवर अडचणी नाहीत असं नाही. हवा विरळ झाली की इंजिनाचा दम कमी होतो, रात्रीच्या गारठ्यात ते सुरूच होत नाही. जून २०२४ मध्ये श्योक नदी ओलांडताना अचानक पाणी वाढून टी-७२ वरचे पाच जवान गेले. त्यांचा फोटो लावून "पाहा, रणगाडे निरुपयोगी" लिहिणाऱ्यांना काय म्हणावं! जे खरोखर कमी पडत होतं त्याच्यासाठीच 'जोरावर' नावाचा हलका रणगाडा तयार झालाय. २५ टनांचा हा रणगाडा डीआरडीओ आणि एल अँड टी यांनी मिळून बनवला. आधी जर्मन इंजिन ठरलं होतं, ते वेळेत मिळेना म्हणून कमिन्सचं बसवलं. जुलै २०२४ मध्ये गुजरातेत हजिऱ्याला तो दाखवला गेला आणि त्याच वर्षी डिसेंबरात ४,२०० मीटरपेक्षा जास्त उंचीवर त्याने अचूक मारा करून दाखवला. साडेसातशे हॉर्सपॉवर आणि २५ टन, म्हणजे टनामागे तीस. टी-७२ ला मूळ ७८० हॉर्सपॉवरच्या इंजिनात टनामागे एकोणीसच मिळतात.

इथेच इंजिनाच्या "उधळपट्टी"चं उत्तर येतं. मार्च २०२५ मध्ये टी-७२ साठी हजार हॉर्सपॉवरच्या इंजिनांचा २४.८ कोटी डॉलर्सचा करार रशियाशी झाला. त्यात चेन्नईजवळच्या आवडी इथल्या रणगाडा कारखान्याला तंत्रज्ञान मिळायचंही कलम आहे. टनामागच्या एकोणीस हॉर्सपॉवरचे चोविसेक होतात. वाळवंटात आणि लडाखात हा फरक पळून आडोसा गाठण्याचा आणि गोळा खाण्याचा असतो.

"जुनं कशाला ठाकठीक करता, नवंच घ्या" हा मामांचा दुसरा मेसेज. आपल्याकडे टी-७२ चोवीसशेच्या घरात आहेत. त्यांच्या जागी यायच्या रणगाड्यासाठी २०२१ मध्ये कंपन्यांकडून माहिती मागवणाऱ्या पत्रात आकडा होता १,७७० आणि त्याच्या गरजेला संरक्षण खरेदी परिषदेची मान्यता मिळाली सप्टेंबर २०२४ मध्ये. त्यानंतर आराखडा, प्रोटोटाइप, वाळवंटातल्या चाचण्या, थंडीतल्या चाचण्या. समजा एके दिवशी कारखान्यातून वर्षाला शंभर रणगाडे पडायला लागले, तरी सगळे मिळायला अठरा वर्षं लागतील. अर्जुनला १९७४ मध्ये मंजुरी मिळाली होती आणि पहिल्या १२४ ची ऑर्डर निघाली २००० साली. मधल्या काळात त्या टी-७२ मध्ये कोणाची तरी पोरं बसणारच आहेत. त्यांना रात्री दिसणारी दुर्बीण, अंगावर स्फोटक विटा, डोक्यावर जाळी आणि दमदार इंजिन देणं ही उधळपट्टी कशी, ते मला कोणीतरी समजावून सांगा.

या मजकुरात ज्याचा उल्लेखच नाही ते मला सगळ्यात जास्त खुपतं. सिनाई असो की युक्रेन, एकट्या रणगाड्याचा घात होतो तो सोबत पायदळ नसल्यामुळे. आपलं ते पायदळ ज्या बीएमपी-२ या चिलखती गाडीत बसून रणगाड्यामागे जातं, तिचं चिलखत रणगाड्याच्या मानाने फारच पातळ आहे आणि मूळ रचना १९८० च्या आसपासची. तेलंगणातल्या मेदकच्या कारखान्यात ती 'सारथ' नावाने बनते. तिच्या जागी नवं वाहन आणायची प्रक्रिया २०१० मध्ये सुरू झाली, मग बारगळली. २०१६ मध्ये कंपन्यांना पुन्हा बोलावलं आणि जून २०२१ मध्ये पुन्हा माहिती मागवली. टी-७२ च्या इंजिनावर संतापलेल्या एकाही फॉरवर्डमध्ये मला या तारखा अजून सापडलेल्या नाहीत.