क्रूसला रियलने काढलं नव्हतं भो

आपल्या जळगाव-भुसावळच्या फुटबॉल ग्रुपांवर परत तेच फॉरवर्ड फिरतंय, की जर्मनीचा मिडफिल्डर टोनी क्रूस, त्याचा गुडघा गेला म्हणून रियल माद्रिदने त्याला घरी बसवलं. साफ खोटं आहे भो. मे 2024 मध्ये त्याने स्वतःच जाहीर केलं की युरो कप झाला की फुटबॉल सोडतो, वय 34, आणि त्यानंतर 1 जूनला वेम्बलीत डॉर्टमुंडविरुद्ध चॅम्पियन्स लीगची फायनल खेळला, 74व्या मिनिटाला कॉर्नर त्यानेच मारला, असा मापात की रियलच्याच कार्वाहालने जवळच्या पोस्टकडे पळत येऊन नुसतं डोकं लावलं अन् गोल. याला काढलेला म्हणता?

दुखापतीचं बहुतेक 2013 वरून जोडलं असेल, तेव्हा तो बायर्न म्युनिक क्लबमध्ये होता अन् दुखापतीमुळे त्या वर्षीची चॅम्पियन्स लीग फायनल खरंच हुकली होती त्याची.

जर्मनीच्या टीमनेही हाकललं नाही. 2021 ला स्वतः सोडलं, 2024 ला कोच नागेल्समनने बोलवलं तर परत आला. शेवटची मॅच 5 जुलैला स्टुटगार्टमध्ये, एक्स्ट्रा टाइममध्ये स्पेनकडून 2-1 हरले. नावं ठेवायचीच असतील तर त्या मॅचमध्ये सुरुवातीलाच क्रूसने स्पेनच्या पेद्रीला जे ठोकलं त्यावरून ठेवा, बिचारा दहा मिनिटांच्या आत बाहेर गेला.