‘बूर्झ्वा’ म्हणजे नुसता भांडवलदार नव्हे

नमस्कार. मी माझ्या लेखात ‘बूर्झ्वा’चा अर्थ ‘शहरी मध्यमवर्गीय’ असा दिला, त्यावर तुम्ही चिडून लिहिलंत: शब्द मार्क्सचा, अर्थ भांडवलदार, त्याला पांढरपेशांचा सदरा चढवू नका.

अर्धं म्हणणं मान्य. कम्युनिस्ट जाहीरनाम्याच्या १८८८च्या इंग्रजी आवृत्तीत मार्क्सचा सहलेखक एंगल्स याने तळटीपच दिली आहे: उत्पादनाच्या साधनांचे मालक आणि मजुरीवर माणसं ठेवणारे, ते बूर्झ्वा. त्यात मास्तर-कारकून बसत नाहीत. मी सरसकट लिहायला नको होतं.

पण शब्द मार्क्सचा नव्हे. त्याच्या कित्येक शतकं आधीचा आहे. फ्रेंचमधला ‘बूर’ म्हणजे तटबंदीचं गाव. हॅम्बुर्गमधला ‘बुर्ग’ही त्याच घराण्यातला. तटाच्या आत राहणारा तो बूर्झ्वा, आपल्या पेठकऱ्याच्या जवळचा. आणि हा शब्द हक्काचा होता. कर भरायचा, पहारा द्यायचा, त्या बदल्यात शहराचं संरक्षण मिळायचं. युरोपातल्या अनेक शहरांत पळून आलेला भूदास वर्ष आणि एक दिवस राहिला, की धन्याचा त्याच्यावरचा हक्क संपायचा. जर्मनमध्ये ‘ब्युर्गर’ म्हणजे आजही नागरिक.

फ्रेंच शिल्पकार रोदँचं शिल्प आठवा. १३४७ साली इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डच्या अकरा महिन्यांच्या वेढ्यानंतर फ्रान्सच्या कॅले शहरातले सहा प्रतिष्ठित लोक शरण जायला निघाले. अंगावर नुसते लांब सदरे, पाय अनवाणी, गळ्यात दोर, हातात शहराच्या किल्ल्या. शिल्पाचं नाव ‘कॅलेचे बूर्झ्वा’. तिथे ‘कॅलेचे भांडवलदार’ म्हणून बघा, त्या दोरांचा अर्थच लागणार नाही.

हेटाळणी नंतर चिकटली, आणि आधी वरून, उमरावांकडून आली. फ्रेंच नाटककार मोलिएरच्या १६७०च्या नाटकात कापडव्यापाऱ्याचा मुलगा उमराव व्हायला म्हणून नाच आणि तलवारबाजी शिकतो, आणि दरबार त्याला हसतो. एकोणिसाव्या शतकात चित्रकार-कवींनी पैसे मोजत बसणाऱ्या, रसिकता नसलेल्या माणसाला हीच शिवी दिली. कामगार चळवळीचा अर्थ त्याच शतकातला.

माझ्या काकांना युनियनमधले सोबती ‘बूर्झ्वा’ म्हणायचे, कारण ते इस्त्रीचा सदरा घालून सभेला जात. त्यांच्याकडे स्वतःची सायकलही नव्हती. एंगल्सच्या व्याख्येत ते कुठेच येत नव्हते, तरी म्हणणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला अर्थ बरोबर कळत होता. मराठीत हा शब्द असाही वापरला जातो, तो वापर मी खोडणार नाही. लेखातलं ते वाक्य मात्र आज बदलतो: मार्क्सवादी लेखनात भांडवलदार, त्याआधी तटाच्या आतला हक्कदार.