तरी पालकांनी नोंद घ्यावी

आमच्या पोराच्या शाळेच्या मुख्याध्यापिका मॅडम दर शुक्रवारी पालकांना पत्र काढतात. परवा पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने टाकलं, "मॅडमना दुसरं काम नाही काय? दर शुक्रवारी पत्र!" खाली सात-आठ हसणारे चेहरे. मी तिथं गप्प बसले. ग्रुपवर उत्तर दिलं की त्याचं पुढं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. म्हणून इथं लिहिते, आणि जरा ऐसपैस लिहिते. घाई असेल त्यांनी न वाचता लाइक करून पुढं जावं, नाहीतरी बरेच जण तेच करतात.

आधी माझ्या पोटापाण्याचं सांगते, कारण मुद्दा तिथूनच येतो. मी सांगलीतल्या एका पतसंस्थेत वसुलीच्या टेबलावर बसते. दिवसभर पत्रं काढणं हाच धंदा. "आपले कर्जखाते थकीत असून सदर रक्कम सात दिवसांचे आत भरणा करावी, अन्यथा आपले व आपले जामीनदारांविरुद्ध कलम १०१ अन्वये कारवाई करण्यात येईल व होणाऱ्या खर्चास आपण जबाबदार राहाल, याची नोंद घ्यावी." हे मी झोपेत पण म्हणेन. आणि एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली आहे. हे पत्र समोरच्या माणसासाठी नसतंच. ते स्थळप्रतीसाठी असतं. फाइलला एक प्रत लागली, मागे पोचपावती टाचली, आपण सुटलो. समोरच्याला काय कळलं, त्याला त्या रात्री झोप लागली का, हा आपला विषय नाही.

बहुतेक शाळांची पत्रं मला तशीच वाटतात. "गणवेशात न आल्यास वर्गात बसू दिले जाणार नाही." "मुदतीनंतर विलंब आकार." "तरी पालकांनी नोंद घ्यावी." वसुलीच्या नोटिसांवर जगणारी बाई सांगते आहे, ही वसुलीचीच भाषा आहे. पुण्याला माझ्या भाचीच्या शाळेचं ॲप आहे. दिवसाला दहा-बारा वेळा टुंग वाजतं. उद्या पिवळा टी-शर्ट, परवा टिफिनला फक्त फळ, फोटोसाठी पैसे भरा. माझ्या बहिणीला पोरीच्या टी-शर्टाचा रंग रोज कळतो. पोरगी दोन महिने जेवणाच्या सुट्टीत एकटी बसत होती, ते मात्र दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडं आल्यावर पोरीनंच सांगितलं.

आता आमच्या मॅडम. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. शाळा ख्रिस्ती संस्थेची, इंग्रजी माध्यमाची, बोर्ड आपलं कोल्हापूर विभागाचंच. मॅडम मूळच्या नगरकडच्या, मराठी ख्रिस्ती. त्या येण्याआधी शाळेची सर्क्युलरं इंग्रजीत यायची, "काइंडली नोट" वगैरे. यांनी पहिल्याच महिन्यात मराठीत एक पानी पत्र काढायला सुरुवात केली. हातानं लिहिलेलं, मग झेरॉक्स. शुक्रवारी दप्तरात येतं. पोरं इंग्रजी माध्यमात असली तरी घरात दप्तर तपासणारी माणसं मराठी वाचतात, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. आमच्याकडं ते पत्र पहिल्यांदा सासूबाई वाचतात, चष्मा पुसून, मोठ्यानं. बऱ्याचदा ते डब्यातल्या भडंगाच्या तेलानं पारदर्शक झालेलं असतं.

पत्रात काय असतं? या आठवड्यात काय शिकवलं, काय राहिलं, काय बिघडलं. "राहिलं" आणि "बिघडलं" हे दोन शब्द मी दुसऱ्या कुठल्याच शाळेच्या कागदावर पाहिलेले नाहीत. एकदा लिहिलं होतं, "आपल्या टाकीच्या पाण्याचा तपासणी अहवाल चांगला आलेला नाही. टाकी धुऊन घेतली आहे, पुन्हा नमुना पाठवला आहे. तो येईपर्यंत मुलांना घरून उकळलेलं पाणी द्या. तिसरीच्या दोन मुलांना कावीळ झाली आहे, ती टाकीमुळेच का, हे मला अजून सांगता येत नाही." दुसरी एखादी शाळा असती तर "सध्या पावसाळा असल्याने पालकांनी काळजी घ्यावी" एवढ्यावर भागवलं असतं. त्या आठवड्यात ग्रुपवर एक पण अफवा फिरली नाही. फिरायला काही शिल्लकच नव्हतं. पतसंस्थेत आम्ही हे उलट्या बाजूनं बघितलं आहे. ठेवीदारांची रांग लागते ती पैसे बुडाले म्हणून नव्हे, कोणी काही सांगेना म्हणून. शटर अर्धं खाली दिसलं की पुढच्या चौकापर्यंत बातमी जाते, आणि मग खरोखरच बुडायची वेळ येते.

२०१९ चा पूर सांगलीकरांना सांगायला नको. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४५ फूट म्हणजे धोक्याची पातळी, त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ च्या वर गेलं. आम्ही गावभागात. अंगावरच्या कपड्यांनिशी मिरजेला नणंदेकडं. पोरगं तेव्हा चौथीत. पाणी उतरल्यावर घरात जो चिखल बघितला, त्यात त्याचं दप्तर कपाटाखाली अडकलं होतं, पुस्तकं फुगून विटेसारखी झालेली. मी तेवढ्यावर रडले, फ्रिज गेल्यावर नव्हते रडले. त्याच दिवशी मॅडमचा मेसेज आला. "शाळा सोमवारी उघडते आहे. गणवेश नसला तरी चालेल. वह्या-पुस्तकं नसली तरी चालेल. बूट नसले तर चपलेत पाठवा. तुम्हाला घर धुवायला मोकळा वेळ मिळावा म्हणून शाळा संध्याकाळी सहापर्यंत चालू ठेवतो आहे, दोन वेळचं खायला शाळेत देऊ." धीर देणं म्हणजे काय ते मला त्या शेवटच्या ओळीत कळलं. "खचून जाऊ नका" असे मेसेज त्या आठवड्यात पन्नास आले होते. घर धुवायला वेळ कोणी दिला नव्हता.

फीचं पण सांगते, कारण टीका करणारे तिथंच येतात. २०११ च्या फी नियमनाच्या कायद्यानुसार शाळेत पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती चिठ्ठ्या टाकून निवडायची असते. पुष्कळ शाळांत चिठ्ठ्या कुठं टाकल्या आणि कोणी काढल्या हे देवाला ठाऊक. आमच्याकडं जुलैत सगळ्यांसमोर स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या, पहिलीतल्या एका पोरीनं काढल्या, आणि नववीच्या वर्गातून माझं नाव निघालं. पहिल्या बैठकीत मॅडमनी पगारपत्रकाची बेरीज, लाइटबिल आणि बसचं डिझेल एका फळ्यावर खडूनं मांडलं. मी आयुष्य आकड्यांत काढलेली बाई, दोन ठिकाणी अडवलं. एका ठिकाणी त्यांनी बेरीज दुरुस्त केली. फी शेवटी वाढलीच, पण हप्त्यांच्या तारखा बदलल्या. आमच्यात तासगाव-कवठेमहांकाळकडचे द्राक्षवाले आहेत, पलूस-वाळव्याकडचे ऊसवाले आहेत. द्राक्षवाल्याकडं पैसा येतो तो फेब्रुवारी-मार्चला. उसाचं बिल कायद्यानं चौदा दिवसांत यायला पाहिजे, येतं कधी ते शेतकऱ्याला विचारा. जूनमध्ये सगळी फी मागितली की तो माणूस आमच्यासारख्या पतसंस्थेत येतो, आणि पुढच्या वर्षी मी त्याला नोटीस काढते. मॅडमना हे कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी आधी एका पत्रात विचारलं होतं, "तुमच्या घरी पैसा कोणत्या महिन्यात येतो, एवढंच लिहून पाठवा, नाव नको." दोनशेवर चिठ्ठ्या आल्या.

आता ख्रिस्ती शाळेचा मुद्दा, तो टाळून चालणार नाही. मध्ये एका पालकाने प्रार्थनेवरून विषय काढला. पोरांना काय शिकवतात, काय म्हणायला लावतात. मॅडमनी चिडून खुलासा वगैरे काढला नाही. शुक्रवारच्या पत्रात सकाळच्या प्रार्थनेचे शब्द पूर्ण छापले, आणि खाली लिहिलं की राज्यघटनेच्या कलम २८(३) प्रमाणे पालकांच्या संमतीशिवाय कुठल्याही मुलाला धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. ज्यांना नको त्यांनी एक ओळ लिहून द्यावी, त्यांची मुलं त्या दहा मिनिटांत वाचनालयात बसतील, त्यावरून त्यांना कोणी काही बोलणार नाही, कोणी बोललं तर मला सांगा. किती जणांनी ओळ लिहून दिली मला माहीत नाही. आमच्या सासूबाईंनी विषय आपल्या परीनं मिटवला. त्यांची दोन्ही बाळंतपणं मिरजेच्या मिशन दवाखान्यातली, वॉनलेस डॉक्टरांनी १८९४ ला काढला तो. म्हणाल्या, "तिथं बी सकाळी प्रार्थना व्हायची. औषध लागू पडलंच की मला."

मी काही मॅडमची आरती ओवाळत नाही. त्या पण चुकल्या आहेत आणि मोठ्या चुकल्या आहेत. गेल्या वर्षी नोव्हेंबरात नववीचे गणिताचे सर मध्येच सोडून गेले. तीन शुक्रवार गेले, तीन पत्रं आली, एकात पण त्याचा उल्लेख नाही. क्रीडा दिन होता, सहल होती, सगळं होतं. पोरगं घरी सांगत होतं की गणिताच्या तासाला चित्रकलेच्या बाई येऊन बसतात. मला खरंच राग आला. दुसऱ्या शाळेनं लपवलं असतं तर एवढा आला नसता. अर्धी रजा टाकून गेले. मॅडमनी समोर बसवलं, चहा मागवला, आणि सरळ म्हणाल्या, "चुकलंच. नवीन माणूस मिळाला की मगच सांगू म्हटलं. नुसती अडचण कशाला घरी पाठवायची, असं वाटलं." मी म्हटलं, "मॅडम, अडचण तीन आठवड्यांपूर्वीच घरी आली आहे. तुमचं पत्र तेवढं आलं नाही." त्या हसल्या नाहीत. पुढच्या शुक्रवारी पत्रात पहिलीच ओळ तीच होती. खाली एक विनंती पण होती, पालकांपैकी कोणी निवृत्त गणित शिक्षक असतील तर आठवड्याला चार तास द्याल का. एका मुलाचे आजोबा आले. मार्चपर्यंत शिकवलं त्यांनी, धोतर-टोपीत, आणि पोरं त्यांना घाबरायची.

तरी आमच्या चिरंजीवांना सहामाहीला बीजगणितात ४० पैकी ११ पडलेच होते. प्रगतिपुस्तकावर "अधिक प्रयत्नांची गरज" हा शिक्का तयारच असतो. हे तीन शब्द मी चौथीपासून वाचते आहे आणि त्यातून काय करायचं ते मला कधी कळलेलं नाही. या वेळी त्याखाली मॅडमच्या हातचं होतं. "बीजगणितात ११. उदाहरण मांडतो, मधली पायरी तोंडी करतो आणि तिथं घसरतो. पायऱ्या लिहायची सवय लावा, रोज दोनच उदाहरणं. एक गोष्ट तुम्हाला माहीत असावी. भूगोलाच्या तासाला यानं सरांशी वाद घातला. कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणाची पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ करायची म्हणतात, आणि सरांनी फळ्यावर वेगळा आकडा लिहिला होता. आकडा याचा बरोबर निघाला. आकड्यांशी याचं वैर नाही."

मी ते दोनदा वाचलं. पुरात दप्तर गेलेलं पोर, गेली पाच-सहा वर्षं पावसाळ्यात सकाळी उठून आधी कोयना धरणातून किती पाणी सोडलं ते बघतं, हे मला घरात दिसत होतं. त्याचा गणिताशी संबंध असेल असं मात्र कधी डोक्यात आलं नाही. त्या रात्री त्याला म्हटलं, दोनच उदाहरणं, पण पायऱ्या लिहायच्या. अजून लिहितो. कंटाळत लिहितो. यंदा दहावी आहे, बघू.

ग्रुपवरच्या त्या भाऊंना एवढंच विचारायचं होतं, की मॅडमना दुसरं काम नाही असं तुम्ही म्हणता, तर मुख्याध्यापकाचं पहिलं काम तुम्ही कोणतं समजता? आणि तुमच्या घरी हे पत्र कोण वाचतं? माझा अंदाज आहे कोणीच नाही. गेल्या महिन्यात तुम्हीच विचारत होतात, सहामाही कधी आहे. शुक्रवारच्या पत्रात होतं.

जाता जाता ऑफिसातलं सांगते. मागच्या आठवड्यात तासगावकडच्या दोन खात्यांना नोटीस काढायची होती, दोघे बेदाणेवाले. मसुद्यात मी वर लिहिलं, "यंदा अवकाळीनं तुमच्या बागेचं नुकसान झालं हे आम्हाला माहीत आहे. एकदम जमत नसेल तर किती जमेल ते सांगायला समक्ष भेटा." साहेबांनी लाल पेनानं पहिलं वाक्य काढलं, "एकदम जमत नसेल तर" काढलं, "अन्यथा" परत घातलं. "समक्ष भेटा" तेवढं राहिलं, बहुतेक नजरेतून सुटलं. सोमवारी दोघे पण आले. एकानं निम्मा हप्ता भरला. दुसऱ्यानं काही भरलं नाही, अर्धा तास बसून बागेचं सांगितलं आणि पाणी पिऊन गेला. साहेब विचारत होते, हा कशाला आला होता.